भिंतीवरच्या तारखा

पेन्सिलीच्या बारीक रेघेच्या आत तो ठिपका होता. काल मोहरीएवढा, आज रेघ ओलांडून बाहेर डोकावत होता, मिरीएवढा, काळा, आणि डोळा अगदी जवळ नेला की मखमलीसारखा मऊ. रसेलने बोट पुढं केलं आणि अर्ध्यावर थांबवलं. हात लावायचा नाही... खालच्या दुकानातल्या ब्रेंडाने बजावलं होतं. हात लावायचा नाही, पुसायचं नाही. तेहतीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस, आणि आपल्याच खोलीतल्या भिंतीसमोर हात पाठीमागे बांधून उभा, काचेतली वस्तू बघत असल्यासारखा.

कानामागची पेन्सिल काढून त्याने नवी रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. अठरा फेब्रुवारी, मंगळवार. खालच्या कोपऱ्यातून सुरू झालेला डाग पाच आठवड्यांत पलंगाच्या उशापर्यंत चढला होता आणि त्याच्याबरोबर तारखाही चढत आल्या होत्या, एकीवर एक.

"डॅड, तू या भिंतीचीपण उंची मोजतोस?" मार्नीने परवा विचारलं होतं. दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या खुणा होत्या. तीच पेन्सिल, तोच हात, तारीख घालायची तीच पद्धत. तो हसला होता, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला होता. कारण चौकटीवरची तिची रेघ ऑक्टोबरपासून हललेली नव्हती. भिंत वाढत होती. पोर वाढत नव्हती.

दोन वाजता मिसेस ओकाफोर येणार होत्या. कौन्सिलच्या घरवाटप खात्याच्या. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा त्या जानेवारीत आल्या होत्या, आणि तेव्हाच सगळं हातातून गेलं — नाही, गेलं नाही, मी घालवलं. नीट बोलावं माणसानं, निदान स्वतःशी तरी. पत्र आलं होतं, पाहणीला येत आहोत, आणि पत्र वाचताना डोळ्यांसमोर आई आली, गुडघ्यांवर बसून दाराची पायरी दगडाने घासणारी. डॉक्टर यायचा असो की विम्याचा माणूस, आधी पायरी पांढरी व्हायची. घरात साखर नसली तरी चालेल, पायरी काळी दिसता कामा नये. तो दोन दिवस राबला. बुरशी खरवडली, ब्लीच मारलं, डाग दाबणारा हात दिला, वर फिकट पिवळ्याचे दोन हात. दुखरा गुडघा उशीवर टेकवून कडेची पट्टी अशी ओढली की आर्थर असता तर पाठ थोपटली असती. आर्थरने त्याला हा धंदा शिकवला, सोळाव्या वर्षी. हाताला धरून, न ओरडता, एकच गोष्ट दहादा दाखवत. "ओल्या भिंतीवर रंग चढवायचा नाही, पोरा. ओलीला घाई नसते. ती थांबते, आणि मग सगळ्यांसमोर तुझं नाव सांगते."

नाव सांगितलंच तिने, पण आठ दिवस उशिरा. मिसेस ओकाफोर आल्या, भिंतीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "किती छान ठेवलीय खोली." आणि त्याला बरं वाटलं! छातीत ऊब आली. त्या गेल्यावर त्याने मार्नीला टोस्ट करून दिला, वर चीज. पंधरा दिवसांनी कागद आला — भिंत सुस्थितीत, ओल आढळली नाही, गट क.

गुरुवारी सकाळी कौन्सिलच्या रिकाम्या घरांची यादी लागते, पुढच्या बुधवारी दुपारी बाराला बंद होते. आठवड्याला तीन घरांवर नाव लावता येतं. त्याला बोली म्हणतात. पैसा मात्र कुणी बोलत नाही, बोलतं ते तुमचं दुखणं. ज्याचं दुखणं मोठं त्याचा गट वरचा, अ, मग ब, आणि मग क, जिथं माणसं सात-सात वर्षं नुसती नावं लावत बसतात. नाव लावलं की फोनच्या पडद्यावर आकडा येतो, रांगेत तुम्ही कितवे. एकोणसाठ. बत्तीस. एकशे चार. दीड वर्ष तो असे आकडे बघत होता. आणि गेल्या गुरुवारी लार्च क्लोज गल्ली, घर नंबर नऊ. तळमजला, दोन खोल्या झोपायच्या, मागे हातभर अंगण, खोली गरम ठेवणाऱ्या नव्या नळ्या. त्याने नाव लावलं आणि आकडा आला — अकरा. आपल्या गटात पहिला. वर दहाजण, सगळे अ आणि ब. आणि ब गटात टाकलं तर कितवा, हे त्याने खात्यात फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी जरा वेळ कळा बडवत बसली आणि म्हणाली, "तुमची अर्जाची तारीख जुनी आहे... दुसरे. पण पहिल्या बाईंनी दुसरं घर घेतलंय म्हणतात, तेव्हा..." तिने वाक्य पुरं केलं नाही. ते अर्धं वाक्य तो पाच दिवस अंगावर घेऊन फिरत होता.

उद्या बारा वाजता यादी बंद. आज दोन वाजता भिंत बघायची. एवढंच. एवढ्यावर सगळं.

"रंगवलीस?" खालच्या धुलाईच्या दुकानातली ब्रेंडा तो गट क चा कागद बघून इतक्या मोठ्यानं ओरडली होती की मशीनपाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. "अरे गाढवा! नवरीचा मेकअप करतात तशी भिंत नटवलीस, आणि आता म्हणतोस पसंत का पडली? फेरतपासणी माग. आणि तोवर बोट लावशील त्या भिंतीला तर तुझी बोटं मी या मशीनमध्ये घालीन, राजा, साठ डिग्रीवर."

त्याने मागितली. आणि बोट लावलं नाही.

मार्नी बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. शाळेला आठवडाभराची सुट्टी. तो केटलीत पाणी भरत होता, पण कान तिकडेच... श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना शीळ वाजते. दाराच्या फटीतून वारा यावा तशी. नोव्हेंबरात चार दिवस ती रुग्णालयात होती, नाकावर नळी. आठ वर्षांची. डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का? तो म्हणाला, थोडी. *थोडी!* तिथंही आई, तिथंही ती पायरी.

तेव्हापासून तो तिला आपल्या पलंगावर निजवायचा, आतल्या बाजूला, आणि स्वतः तिच्या छोट्या पलंगावर, पाय बाहेर काढून, भिंतीच्या कुशीत. पण झोपायची खोली एकच. हवाही तीच. घरमालकाला तीन पत्रं लिहून झाली. उत्तर एकच, खिडकी उघडत जा. तिची आई, डॉन, तीन वर्षांपूर्वी गेली ती गेलीच. वाढदिवसाला कार्ड येतं. आणि शिडी चढवत नाही म्हणून तो आता एका दुकानात रंगाचे डबे हलवून मिसळून देतो, त्या पगारात दुसरं भाड्याचं घर... हे सगळं त्याने अर्जात लिहिलंय. ब्लॉक अक्षरांत. जे लिहिलेलं नाही ते वेगळंच आहे.

ते हे. पहिल्यांदा रंगाखालून राखाडी छटा वर आली त्या सकाळी मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, ये. ये गं बाई, ये वर. रोज सकाळी उठून आधी भिंत बघायचो आणि मग पोरीकडे. ब्लीचची बाटली सिंकखाली, घासणी सिंकखाली — पाच आठवडे वाळून तिचं खापर झालेलं — पाच मिनिटांचं काम, आणि मी पाच आठवडे ते केलं नाही, कारण माझ्या मुलीला या भिंतीपासून सोडवायचं तर आधी ही भिंत वाढायला हवी होती. असं कोण करतं? कुठला बाप? आणि रविवारी ती खोकत उठली, श्वासाच्या पंपाचे दोन झटके दिले तरी थांबेना, तेव्हा तिची पाठ चोळता चोळता माझ्या मनात आलं, मंगळवारी, देवा, मंगळवारी दोन वाजता असं... बास. तिथंच तोडला होता त्याने तो विचार. पण विचार तुटत नाही. ओलीसारखा आतून फिरतो.

दोनला पाच कमी असताना बेल वाजली.

मिसेस ओकाफोर उंच होत्या, गळ्यात ओळखपत्र, ओल्या छत्रीचं काय करावं या विचारात दारातच थांबलेल्या. "जिने फार आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या.

"चहा टाकू?"

"नको. आजचा पाचवा होईल. प्रत्येक घरी देतात, मग सातव्या घरी पंचाईत." त्या हसल्या. तोही हसला. चांगली बाई होती. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

खोलीत त्यांनी भिंत बघितली. फोटो काढले, तारखांसकट. "या तुम्ही घातल्यात?" तो हो म्हणाला. "म्हणजे पुसलेली नाही. अर्जदार साफसफाई ठेवत नाही, असं कुणी म्हणेल," त्या सावकाश म्हणाल्या, आरोपासारखं नाही, गणितात हातचा राहिलाय हे दाखवावं तसं. "मागच्या महिन्यात इथं काहीच नव्हतं, मिस्टर होलरॉइड. वर बसलेल्यांना मला सांगावं लागेल, काय खरं. आणि मुलीच्या तब्येतीवर परिणाम होतोय हे मला दिसायला हवं."

मार्नी दारात येऊन उभी होती. केस ओले करून विंचरलेले. पाहुणी येणार म्हणून आपणहून.

"हॅलो, मार्नी. इथं झोप कशी लागते तुला?"

"छान लागते, थँक यू."

"खोकला येतो?"

"नाही. म्हणजे थोडासा. थँक यू."

थोडासा... त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याखालची खळगी आत-आत ओढली जात होती आणि डोळ्यांत पाणी चढत होतं. ती खोकला दाबून उभी होती. कुणी शिकवलं? त्याने. वाचनालयात, ती पाच वर्षांची असताना, गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलांमध्ये. न ओरडता, आर्थरसारखं, दहादा दाखवून — चार लोकांत खोकायचं नाही, राणी, तोंड मिटायचं, घोट गिळायचा, मनात वीसपर्यंत मोजायचं. किती लवकर शिकली होती! किती कौतुक केलं होतं त्याने! आणि आता ती मोजत होती, त्याला दिसत होतं, ओठांच्या आत आकडे हलत होते, बारा, तेरा... आणि मिसेस ओकाफोरांचा पेन कागदावर टेकलेला. पायरी. पोरीच्या तोंडावर आईची ती घासलेली पांढरी पायरी. आपण तिला दिलेलं घर हेच तेवढं.

आणि तो विचार परत वर आला, तोच रविवारचा, आता खोक, आता. आणि त्याची इतकी शिसारी आली की त्याला वाटलं, बोलूच नये, जाऊ दे ते घर. आणि तिचे ओठ निळसर व्हायला लागले होते.

"खोक, बाळा."

तिने मान हलवली. पंधरा. सोळा.

"खोक. काही होत नाही. मी चुकीचं शिकवलं होतं तुला."

खोकला आला तो एकदम, तिला पुढं वाकवत. तो तिच्याजवळ कसा पोचला ते त्याला कळलं नाही, गुडघा टेकला तेव्हा कळ डोक्यात गेली. पंप. हलव. आत ओढ, धर, सोड. पुन्हा. त्याच्या तळव्याखाली तिच्या बरगड्या पिंजऱ्यासारख्या उघडत-मिटत होत्या. मिसेस ओकाफोरांनी पेन खाली ठेवला होता. त्या खिडकी उघडत होत्या.

तिचा श्वास जरा बसल्यावर तो, तिथूनच, जमिनीवरूनच म्हणाला, "मागच्या वेळी मीच रंगवली होती. तुम्ही येणार म्हणून."

"का?"

तुम्ही येणार म्हणून — हेच उत्तर होतं, आणि ते त्याने आधीच दिलं होतं.

जाताना त्या म्हणाल्या, "मी आजच पाठवते. पण ठरवणारी मी नाही. बारापर्यंत होईल की नाही... आणि हो, वरचे कदाचित आणखी एकाला बघायला पाठवतील. तोवर असू द्या असंच." आणि मग छत्री सावरून जिना उतरून गेल्या.

मार्नी छोट्या पलंगावर बसली होती. "मी बिघडवलं का, डॅड?"

"नाही गं."

"एकोणीसपर्यंत आले होते मी."

तो उठला, स्वयंपाकघरात गेला, सिंकखालचं दार उघडलं. ब्लीचची बाटली बाहेर काढली, घासणी हातात घेतली. वाळून कडक, कडा वर वळलेल्या. वरचे कदाचित आणखी एकाला. तोवर असू द्या. नळ सोडला. पाणी आधी गार, मग कोमट, आणि हातातलं ते खापर हळूहळू पाणी पीत, फुगत, बोटांखाली मऊ होत गेलं... फोन टेबलावर पालथा होता. अकरा, की दोन, की काहीच नाही — गुरुवारपासून पहिल्यांदाच तो आकडा कुठं आहे हे बघावंसं वाटलं नाही. नळ वाहत होता आणि पलीकडच्या खोलीतून शीळ येत होती, बाहेर सोडताना, बारीक, आणि तो ऐकत उभा होता. मोजत नव्हता, नुसता ऐकत होता, घासणीतलं पाणी मनगटावरून बाहीत उतरत होतं तरी.