आडवा दोर

चैत्री पौर्णिमेला आमची देवी रथात बसून गावभर फिरते. ज्यांना वणीचा गड चढवत नाही त्यांच्या दारात ती स्वतः येते, असं माझ्या सासूबाई, गोजराबाई, सांगतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांचे गुडघे गेलेत. खालच्या आळीत आमच्या ओट्यावर बसूनच त्या ओटी भरतात.

यंदा रथ खालच्या आळीत न्यायचाच नाही, असं ठरलं. गेल्या वर्षी गिरणीपाशी तो वळलाच नाही, सरळ जाऊन भिंतीवर आदळला होता.

"गिरणीपर्यंत जायचं, तिथून माघारी," रथाचे मानकरी सहादूनाना देवळाच्या पायरीवर म्हणाले.

"आणि आमच्या आत्याबाईंची ओटी?" मी विचारलं.

"ताट पाठवून द्या. देवीला काय, पोचतंच."

"ताट पोचेल हो. देवी नाही पोचणार," मी म्हणाले. "वळणावर बाजूनं ओढायचा आडवा दोर आम्ही बायका धरतो. आम्ही वळवतो रथ."

मी हळू बोलते. त्यामुळे समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. नाना वाकले.

"बायकांनी दोराला शिवायचं नाय, छायाबाई. पहिल्यापासून हाय ते."

"भिंतीवर आदळायचंपण पहिल्यापासून आहे का?" शेजारची दीपमाला मागून म्हणाली. नाना उठून गेले.

मी रोज पाणी घेण्याआधी पिंपळाला बांधलेलं सूत धरून प्रदक्षिणा घालते. सूत मला खोडाकडे ओढत असतं, पण त्या ओढीनं माझं पाऊल कधी भरभर पडत नाही. पाऊल फक्त वळतं. सूत चालण्याला आडवं असतं ना, म्हणून. तेच सूत कुणी माझ्या पुढून ओढलं, तर मी नुसती पळेन. आणि तिरपं ओढलं, तर थोडी पळेन, थोडी वळेन. गेल्या वर्षी गड्यांनी आडवा दोर धरला, पण जोशात पुढे धावत तिरपा ओढला. त्यांचं निम्मं बळ रथ पळवण्यातच गेलं. आणि पळता रथ वळवायला बळ आणखी जास्त लागतं.

दीपमालाला हे तोंडी पटेना. मग पंचवटीच्या बाजारातून आलेली तिची झेंडूची हातगाडी आम्ही अंगणात चालवून पाहिली. तिनं मागून ढकलली, मी पुढच्या टोकाला दोर बांधून बाजूनं ओढली. दोनदा तुळशीवृंदावनाला धडकलो. चूक माझीच, मीपण पुढे धावत होते. तिसऱ्यांदा गाडी गोठ्याकडे अशी वळली, की दीपमालानं ती लगेच पुन्हा ढकलायला घेतली.

पौर्णिमेला रथ गिरणीपाशी थांबला. गडी माघारी फिरवायच्या तयारीत होते. मी आडव्या दोराला हळदकुंकू वाहिलं आणि तो रथाच्या पुढच्या उजव्या कडीत अडकवला.

"सोडा तो दोर!" नाना ओरडले.

"नाना, मला सकाळपासून निर्जळी आहे. आत्याबाईंनी ओटी भरल्याशिवाय पाणी घेणार नाही."

"भीती घालता काय?"

"नाही. सांगते."

आमच्या आळीच्या बायका एकेक करून पुढे आल्या आणि दोराला हात घातला. देवीसमोर कुणाचे हात ओढून काढणार? नानांनी गड्यांकडे पाहिलं, मग रथाकडे. "हळू घ्या," ते चरफडत म्हणाले.

गड्यांनी पुढचा दोर ताणला. रथ करकरला, निघाला.

"कुणी पुढे पळायचं नाही!" मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला मोठा वाटला. "रथ वळेल तसं आपण मागे सरकायचं. दोर आडवाच राहू दे!"

हात सोलून निघाले. गिरणीची भिंत जवळ आली, आणखी जवळ आली. एक गडी सवयीनं "जोरात!" म्हणाला, तसे नानाच त्याच्यावर खेकसले, "गप! बायका वळवत्यात ना!"

भिंत बाजूला सरकली. रथाचं तोंड खालच्या आळीकडे झालं.

आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, नारळ, खण मांडीवर घेऊन. ओटी भरून झाली तसं त्यांनी मला दटावलं, "रडतेस काय? पाणी पी आधी."

मी प्यायले.

नाना जवळ आले. "झालं ना मनासारखं? द्या दोर."

"परत जाताना वळण उलटं आहे, नाना," मी म्हणाले. उजव्या कडीतली गाठ सोडली, रथाला पुढून वळसा घातला, आणि दोर डाव्या कडीत बांधायला घेतला.