एर्लेनरीडचा रिकामा फलाट

आमच्या एर्लेनरीडला चौतीस वर्षं गाडी आली नव्हती, तरी आमचे स्टेशनमास्तर ओटोकार रोज सकाळी फलाट झाडायचे. स्टेशनासमोर माझी बेकरी. पाव लावता लावता मी टोमणा मारायचे, "मास्तर, आज कुठली एक्सप्रेस?"

"अगं बुर्गे, ती यायच्या दिवशी झाडायला घेऊन कसं चालेल?" कप्पाळ माझं!

खाणीतला दगड न्यायला बांधलेलं हे स्टेशन. पुढे दुधाचे कॅन गेले, शाळेची पोरं गेली. लढाईला माणसं गेली, त्यात माझे आजोबा गेले ते गेलेच. मग घरोघरी मोटारी आल्या आणि मार्ग बंद पडला. मास्तर तेव्हा पन्नाशीचे होते, आता चौऱ्याऐंशीचे.

गेल्या वर्षी रूळ दुरुस्त झाले आणि रेल्वेचं पत्र आलं. शनिवारी चाचणीची गाडी, जाताना दहा चौदाला, येताना दहा बावन्नला. एर्लेनरीडहून कोणी चढलं, तरच नव्या वेळापत्रकात आमचं नाव राहणार.

शनिवारी अख्खं गाव लोटलं. बँडवाले आले. मी आलुबुखाराचा केक केला, सहा ट्रे. मास्तर लाल टोपी घालून, हातात गाडी सोडायची हिरवी तबकडी घेऊन उभे. त्यांनी सगळ्यांना प्रतीक्षागृहात घेतलं आणि फलाटाच्या फाटकाला कुलूप लावलं.

"गाडी पुरती थांबल्याशिवाय फलाटावर पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. जुना नियम. आम्ही रिकाम्या रस्त्यावरही लाल दिव्याला उभी राहणारी माणसं.

दहा चौदाला गाडी आली. दोन डबे, लालचुटुक. वेग कमी झाला, ड्रायव्हरने तो लख्ख झाडलेला रिकामा फलाट पाहिला, आणि गाडी निघून गेली. ट्रॉम्बोनवाल्याचं वाद्य ओठांशीच राहिलं.

प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर लावलेलं पत्र मी काढून वाचलं. खाली छापलेलं होतं, फलाटावर प्रवासी दिसला तरच गाडी थांबेल.

"मास्तर, हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. पण स्टेशनावर गाडी थांबतेच. फलाटावर माणूस दाखवून थांबवायची म्हणजे काय, ती बस आहे का?"

माझं डोकंच फिरलं. "चौतीस वर्षं झाडलंत ते कुणासाठी? उघडा ते फाटक."

"बुर्गे, माझ्या हातून एकही नियम मोडला नाही आजवर."

"मग मोडू द्या स्टेशन."

हे बोलायला नको होतं. मास्तरांनी किल्ली काढली, परत खिशात ठेवली, पुन्हा काढली. अखेर फाटक उघडलं. तरी कोणी पुढे सरकेना, गाडी थांबली नव्हती ना अजून. मास्तर एकटेच बाहेर गेले आणि पांढऱ्या पट्ट्याशी उभे राहिले.

दहा बावन्नला पायाखालची फरशी थरथरली. मी लहान असताना थरथरायची, अगदी तशीच. वळणावरून गाडी आली, हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. मास्तरांच्या बरोबर समोर दार उघडलं.

एक गाडी थांबली होती, एवढंच. पण आम्ही सगळी देवळात असल्यासारखी उभी होतो. माझ्या शेजारी उभ्या एका म्हातारबाने टोपी काढून हातात घेतली.

ड्रायव्हर म्हणजे एक तरुण पोरगी होती. खिडकीतून डोकावून म्हणाली, "आजोबा, चढताय ना?"

मास्तर आमच्याकडे वळले. आयुष्यभर त्यांनी इथून गाड्या सोडल्या, स्वतः कधी बसले नव्हते. "मी चढलो तर गाडी कोण सोडणार?"

मी पुढे झाले. त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, तबकडी हातात दिली. "आधी मागचं दार बघ, मग पुढचं. हात पुरता वर कर."

ते चढले. त्यांच्यामागे गाव चढलं, ट्रॉम्बोन आणि केकसकट. मी मागचं दार पाहिलं, मग पुढचं. डोळे भरल्यामुळे दोनदा पाहावं लागलं. हल्लीच्या गाड्यांना तबकडी लागत नाही, तरी ती पोरगी माझ्या हाताकडे बघत थांबली होती. मी हात पुरता वर केला.

दहा त्रेपन्न झाले होते. एक मिनिट उशीर. मास्तर मला मरेपर्यंत ऐकवणार, आणि ऐकवू देत.