तुळसाबाईंचा निळा हौद

घाटंजीत धम्मरत्नच्या घरामागे, निंबाच्या झाडापासून जरा दूर जो गोल निळा हौद दिसतो, तोच मी बोलतोय. दुकानात मला स्विमिंग पूल म्हणत. माझ्यासाठी खड्डा खणावा लागत नाही. लोखंडी पायांवर जाड कापड ताणले की मी जमिनीवर उभा राहतो.

यवतमाळच्या त्या दुकानात माझ्याहून खोल, देखणे हौद होते. पण धम्मरत्न म्हणाला, "आईच्या कमरेएवढंच पाणी पाहिजे. पोहायले नाही, चालायले."

त्याची आई तुळसाबाई घसरून पडली, तेव्हापासून तिचा गुडघा आखडला होता. पाण्यात चाला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. विहारात सगळे सतरंजीवर बसतात. तिला खुर्ची दिली, तर तिने जाणेच सोडले. "बुद्धासमोर मी उंचावर बसू काय?" एवढेच ती बोलली. तिला पुन्हा खाली बसता यावे, म्हणून मला आणले.

आधी मला काळ्या मातीवरच मांडले. उन्हाळ्यात ती दगडासारखी लागते, तिथेच धम्मरत्न फसला. भरताना सांडलेले पाणी भेगांत मुरले. माती कुठे फुगली, कुठे खचली. मी कलंडलो आणि अर्धे पाणी अंगणात गेले.

शेजारची हंसाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "काहून रे धम्मा, घर बांधतानी काळी माती काढून मुरूम टाकतेत ना?"

"हे काय घर आहे, काकू? पाणी तं आहे."

"मंग पाण्याले वजन नसते काय? बसा आता चिखलात मायलेकं."

सगळ्यांत आधी तुळसाबाईच हसली.

मग काळी माती काढली. मुरूम टाकून दाबला, वर बारीक रेती आणि ताडपत्री घातली. पारदर्शक नळीत पाणी भरून चहूकडची पातळी जुळवली. तेव्हापासून मी जागचा हललो नाही.

माझी देखभाल अवघड नाही, पण रोजची आहे. जाळीने पाने काढावी, फिल्टर चालवावा, पाणी तपासून बेताने क्लोरीन टाकावे. कडेचे शेवाळ मऊ ब्रशने घासावे, टोकदार काही लावू नये. काम झाले की शिडी उचलून झाकण ओढावे. धम्मरत्न आता हे सगळे न चुकता करतो.

तुळसाबाई नात पायलचा हात धरून माझ्या कडेकडेने चालायची. पुढे हात सुटला. मग पाण्यातच गुडघे वाकवून ती बसू-उठू लागली.

परवा ती विहारातून आली. पायल धावत पुढे आली आणि म्हणाली, "बाबा, आजी खाली बसली. उठतानी माहा हात घे म्हटलं, तं सरक म्हणे बाजूले."

धम्मरत्न माझ्या कडेवर हात ठेवून म्हणाला, "मंग आता याची घडी घालू काय, आई?"

"कायले?" तुळसाबाई म्हणाली. "मले पोहणं शिकाचं आहे."

तर मी इथेच आहे. माझ्यात पाणी कमरेएवढेच आहे, पण शिकायला तेवढे पुरते. ती पाण्यात असेल तेव्हा कोणीतरी जवळ उभे राहा, एवढीच विनंती. बाकीचे मी सांभाळतो.