न धुतलेला कोट

फोटोग्राफर वारला तेव्हा त्याच्या खोलीत एका रानशेळीचे ढीगभर फोटो निघाले आणि बायकोचा एकच. तोही लग्नातला, डोळे मिटलेला. "माझे डोळे मिटले तरी चालतं, शेळीचे नाही," असं ती आयुष्यभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आली होती. सांगताना हसायची, पण तक्रार खरी होती.

त्याची रीतच जगावेगळी. लांबून फोटो काढणं त्याला चोरी वाटे. वर्षानुवर्षं तोच कोट घालून तो कड्याखाली नुसता बसून राहायचा. शेवटी ती शेळी त्या कोटाच्या वासाला इतकी सरावली, की तिची एकेक पापणी दिसेल असे फोटो घरी येऊ लागले. कोट धुवायचं नाव काढलं की घरात महाभारत.

तो जाऊन महिना होतो न होतो, तोच डोंगरावरचा रखवालदार दारात आला.

"वहिनी, यंदा शिकारीला परवानगी मिळालीय. बाकीचा कळप पळेल हो. दादांची शेळी मात्र माणूस दिसला की पुढे येते. मी हाकललं तर जरा मागे सरते, पुन्हा येते. तिला सगळीच माणसं दादांसारखी वाटतात."

"मग मी काय करू?"

तो खाली बघत म्हणाला, "दादांचा कोट घालून कुणीतरी तिला दगड मारायला हवेत. तरच तिला भीती बसेल."

"जिभेला काही हाड?" म्हणत तिने दार लावून घेतलं.

सकाळी तिने कोट अंगावर चढवला.

कड्याखाली बसली तशी शेळी सरळ चालत आली आणि बाहीला नाक लावून उभी राहिली. जिला जन्मभर सवत म्हटलं, ती इतकी म्हातारी आणि इतकी भोळी निघाली. तिच्या मानेवरून हात फिरवायचा मोह झाला. तो आवरून तिने दगड उचलला.

पहिला मुद्दाम चुकवला. शेळी जाऊन तो हुंगून आली. दुसरा गुडघ्याला लागला. तरी ती उभीच.

"जा गं बाई," ती रडत म्हणाली, आणि तिसरा बरगडीवर नेमका बसला.

आठवड्याने ती पुन्हा गेली, तोच कोट घालून. वारा खालून वर, कड्याकडे वाहत होता. ती कड्यापाशी पोचायच्या आतच शेळी लंगडत खडकांआड पळाली. काम फत्ते झालं होतं.

ती खाली बसली आणि तिने कॉलर नाकाशी धरली. या वासाने जवळ येणारं जगात आता तिच्यावाचून कुणी उरलं नव्हतं.