आभाळ कोरडं होतं

माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आयुष्यभर तापीचे पूर पाहिलेत, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. म्हणून शहाद्याहून कोकणातले जलदुर्ग, दीपगृहं आणि जुन्या तोफा बघायला निघालो तेव्हा समुद्राचं खातंही त्यांच्याकडेच गेलं.

तिसऱ्या किल्ल्याला ओहोटीत चालत जाता येत होतं. आप्पांनी गाडी थेट वाळूत नेऊन उभी केली, नदीच्या पात्रात ट्रॅक्टर लावतात तशी. माझी बारावीतली बहीण जागृती मागच्या सीटवर गाढ झोपली होती. तिला उठवलं नाही. शहाळेवाला म्हणाला, भरती लागेल, गाडी वर घ्या. आप्पांनी डोळ्यांवर हात धरून चारी दिशा तपासल्या.

“आभायमा ढग शे का एक तरी? मंग पानी कोठेन यी?”

हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. त्याने पुढचं शहाळं सोलायला घेतलं.

किल्ल्यात आप्पा तोफेचा पल्ला समजावत असताना आईने तटावरून खाली पाहिलं आणि ती बोलायची थांबली. आई बोलायची थांबते तेव्हा आमच्याकडे सहसा कुणीतरी वारलेलं असतं.

आलो ती वाट नव्हती.

आप्पांनी खाली उतरून पाण्याच्या कडेला काठी रोवली. पूर चढतोय की उतरतोय हे तापीवर असंच बघतात : काठी रोवायची, बिडी ओढायची, मग बघायचं. ते सरळ उभे राहीपर्यंत काठी पाण्यात होती. त्यांनी दुसरी रोवली. तिसरी रोवायला जागा उरली नाही.

लांब आमची गाडी दिसत होती. चाकं दिसत नव्हती.

मी जागृतीला फोन लावला. तो आईच्या पिशवीत वाजला; बारावीचं वर्ष म्हणून फोन आईकडे असतो. तरी मी कट केला नाही. वाजतोय तोवर ती उचलेल असं वाटत होतं.

चढत्या पाण्यात पाय घालायचा नाही, हा आप्पांचा नियम. त्यापायी त्यांनी स्वतःचा साखरपुडा पूर उतरेपर्यंत थांबवला होता. तेच आप्पा चपलांसकट आत शिरले. आम्ही त्यांच्या शर्टाला धरून मागे. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. आई तापीमाईला हाका मारत होती. हद्द कुणाची हे सांगायची ती वेळ नव्हती. माझे पाय वाळूवरून सुटले.

तेवढ्यात समोरून पाणी फोडत घोडागाडी आली. तीत जागृती उभी होती, गाडीवानाच्या मानेला घट्ट धरून. आमच्या गाडीत पाणी शिरल्यावर ती जागी झाली होती, आणि आम्ही बुडालो असं समजून आम्हाला शोधायला निघाली होती.

“तुमले पोहता येस का?” तिने आप्पांना विचारलं. आवाज चिरकत होता. “येस का?”

आप्पांनी वर चढून तिचं मनगट धरलं. एवढंच.

आम्हा सगळ्यांना घेऊन घोडागाडी डांबरी रस्त्यापर्यंत गेली. मागे लोक दोर लावून आमची गाडी ओढत होते, आप्पांनी तिकडे मान वळवली नाही.

“आप्पा, हात सोडा ना आते.”

“सोडस,” आप्पा म्हणाले.

गाडीवानाने घोडा सोडला, त्याला चारा घातला आणि तो जेवायला गेला. आम्ही चौघं तसेच वर बसून होतो. आप्पा मध्ये मध्ये वाकून कोरडा रस्ता बघत होते.