एक जानेवारीच्या बायका

माझे वडील एक जूनचे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली ती तारीख, आणि आमच्या सायखेड्यातली निम्मी पुरुषमंडळी त्याच दिवशी जन्मलेली आहेत. आई शाळेत गेलीच नाही, त्यामुळे ती आधार कार्डवाल्यांच्या हाती सापडली. त्यांनी वय अंदाजे विचारलं आणि एक जानेवारी लावून टाकली. मी दरवर्षी केक नेतो आणि ती दरवर्षी म्हणते, मी काही थंडीतली नाय. सायखेड्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. म्हणूनच मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. लॅबच्या मशीनमधून निघालेला निकाल थेट पेशंटच्या फाइलीत, म्हणजे डॉक्टरांच्या स्क्रीनवर दिसावा, हे काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. हॉस्पिटलात घेतलेल्या रक्ताचं सोपं होतं, कारण त्या नळीवर पेशंटचा नंबर असतो. पण गावोगावच्या सेंटरवरून येणाऱ्या नळ्यांवर नुसतं नाव, आडनाव आणि जन्मतारीख. त्यांचे निकाल एका वेगळ्या यादीत अडकून पडायचे. लॅबमधली निकिता एकेकाला फोन लावायची, गाव विचारायची, नवऱ्याचं नाव विचारायची आणि मग तो निकाल योग्य फाइलीत घालायची. यादी चारशेवर गेली. डॉक्टर रोज माझ्या नावाने शंख करू लागले.

एका शनिवारी मी नियम लिहिला. नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की निकाल आपोआप फाइलीत. अशा दोन फाइली निघाल्याच, तर जी अलीकडे उघडली असेल तिच्यात. दहा मिनिटांत यादी रिकामी झाली. निकिताने विचारलं, "सर, एक जानेवारीवाल्या बायकांचं काय करायचं?" मी म्हणालो, बघू. खरं सांगायचं तर मला ती यादी पुन्हा भरलेली बघायची नव्हती. सोमवारी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि मी ती खुशाल थोपटून घेतली.

सुलाबाई कुटे गावातल्या आमच्या घरापासून चार घरं पलीकडच्या. मी त्यांना काकू म्हणतो. गुडघे धरले म्हणून त्या आमच्याच हॉस्पिटलात यायच्या. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या आणि मार्चमध्ये बजावलं, की किडनीची तपासणी चांगली आली तरच गोळ्या पुढे चालू ठेवू. काकूंनी गावातल्या सेंटरवर रक्त दिलं. त्याच आठवड्यात पिंपळगाव बसवंतच्या दुसऱ्या एका सुलाबाई कुटेंनीही रक्त दिलं. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे साठ. काकूंचा निकाल आला तेव्हा अलीकडे उघडलेली फाईल त्या बाईंची होती, आणि त्या बाईंचा आला तेव्हा काकूंची. त्या बाईंचा चांगला निकाल काकूंच्या फाइलीत आला आणि काकूंचा वाईट निकाल त्यांच्या फाइलीत गेला. डॉक्टरांनी स्क्रीन बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले, गोळ्या वाढवल्या. चार महिने काकूंनी एकही गोळी चुकवली नाही. तिकडे डॉक्टरांनी किडनीसाठी मीठ बंद केलं, म्हणून पिंपळगावच्या बाई चार महिने अळणी जेवल्या.

या सोमवारी काकूंना सुजलेल्या तोंडाने आणलं. किडन्या जवळजवळ गेल्या होत्या, डायलिसिस सुरू झालं. त्यांचा मुलगा गोरक्ष माझ्या वर्गातला. आपला माणूस आत आहे, या विश्वासाने त्याने आधी मला फोन केला. काही मदत होईल म्हणून मी काकूंची फाईल उघडली, तर मार्चच्या निकालावर पिंपळगावच्या सेंटरचं नाव. दुसऱ्या बाईंची फाईल शोधली. काकूंचा निकाल तिथे होता, लाल अक्षरांत. आणि मग मी काय केलं, तर तो नियम गुपचूप बंद केला आणि मूग गिळून बसलो.

डॉक्टरांना कोडं पडलं होतं. मार्चमध्ये चांगली असलेली किडनी चार महिन्यांत अशी कशी जाईल? बाईंनी बाहेरून काहीतरी घेतलं असणार, जडीबुटी वगैरे, असं त्यांनी ठरवलं. गोरक्षने तेच धरून ठेवलं. मंगळवारी मी पलंगाशी उभा असताना तो आईला विचारत होता, पुडी कुणाकडून आणली. काकू नाही म्हणाल्या. बुधवारी त्याने पुन्हा विचारलं, आवाज चढवून. त्या नाहीच म्हणाल्या, पण हळू. गुरुवारी तो रडकुंडीला आला आणि त्याने आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. घे म्हणाला माझी शपथ. काकूंनी हात झटक्यात काढून घेतला.

"घेतली असंल बाबा," त्या म्हणाल्या. "मला आता याद नाय."

पोराची शपथ चुकून खोटी पडली तर, एवढ्या भीतीने ती बाई न केलेला गुन्हा कबूल करून बसली. गोरक्षने कपाळाला हात लावला. मला माझी इतकी लाज वाटली, की तिथून पळून जावंसं वाटलं.

"काकू, तुम्ही काहीच घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

मग सगळं सांगितलं. यादी, नियम, निकिताने विचारलेलं, पिंपळगावच्या बाई आणि त्यांचं अळणी जेवण. आता डॉक्टरांना आणि साहेबांना लेखी देतो, असंही म्हणालो. गोरक्षला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण आईचा कागद दुसरीकडे गेला एवढं कळलं. मला वाटलं, हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो आईच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला.

काकू म्हणाल्या, "मी पोळ्याच्या दिवशीची. बैल ओवाळताना आईच्या पोटात दुखाया लागलं. साऱ्या गावाला ठाव हाय. तुझ्या आईलाबी."

विचारायला हवं होतं, मी म्हणालो.

"ते ऱ्हाऊ दे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वळवली. "मंगळवारी गोरख मला बोलत व्हता, तवा तू हितंच उभा व्हतास ना?"

"हो, काकू."

"कालबी व्हतास."

"होतो."

"अन् तुला ठाव व्हतं."

मी हो म्हणालो. काकूंनी गोरक्षच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. "त्या पिंपळगावच्या बाईला आजच सांग. मीठ खा म्हणावं."