धामणीची साल

बद्रीनाथ मुकादमानं कुऱ्हाड उचलली, तशी कौशल्याबाई पाण्याची घागर तिथंच टेकवून झाडापुढं आडवी आली.

"वाळलं न्हाई ते. पान गाळलंय नुस्तं. धामणीचं झाड हाय, उन्हाळ्यात असंच उघडं पडतंय."

गावच्या विकास सोसायटीच्या आवारातल्या झाडांना पाणी घालायचं काम तिच्याकडं होतं. ही धामण तिच्या नवऱ्यानं, सटवानं, डोंगरातून आणून लावली आणि पुढच्याच वर्षी तो गेला. लेकरूबाळ नव्हतं. त्याचं म्हणून मागं राहिलं ते हे मनगटाएवढं झाड. यंदा दुष्काळानं टँकर आठवड्यावर गेलेला. वाळलेली झाडं तोडा, पाणी जित्या झाडांना घाला, असा संचालकांचा ठराव होता. ठराव काही वाईट नव्हता हो, पण पानगळीचं झाड ओळखायचं कुणी? तिनं खाली पडलेलं पान उचललं. बुडाशी एका अंगाला कललेलं, कडेला बारीक दातरे. सटवानं शिकवलेली खूण. मुकादमाला पटेना. मग तिनं बुंध्याची साल नखानं खरवडली. आत हिरवंगार होतं. बद्रीनाथ कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतील तर ते सेक्रेटरी कसले! त्यांनाही हिरवं दाखवलं. मग चेअरमन, मग एकेक संचालक, परळीहून आलेले पाहुणेसुद्धा. आधीची खरवड काळी पडायची, म्हणून दर माणसाला ताजी. पुढं नख पुरेना, तिनं विळा घेतला. हौसेनं दाखवायची बिचारी. तेवढ्या निमित्तानं सटवाचं नाव चारचौघांत निघायचं.

आषाढ लागला. डोंगरातल्या धामणी पालवल्याचं गुराखी सांगत आले. हिच्या झाडाला मात्र एक डोळा फुटेना. कौशल्याबाई खाली बसली, बुंध्याभोवती बोट फिरवलं. खरवडून खरवडून सालीचं कडं सभोवार पुरतं तुटलं होतं; मुळांना पोसणारा रस त्याच सालीतनं वाहतो. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं.

सेक्रेटरी हळहळले. दुष्काळानं गेलं असं लिहितो, म्हणाले.

"दुष्काळानं न्हाई, साहेब. मी मारलं. जितं हाय, जितं हाय म्हणून दावता दावता मारलं."

बद्रीनाथ झाड काढायला आला, तेव्हा तिनं त्याला हातानंच थांबवलं. पदर खोचला आणि स्वतः खणायला लागली. मुळं लई खोल गेली होती. दुपार कलली तरी ती खणतच होती.